काळ्या मधपेट्या

स्योकाऊची जीभ कडू आहे असं सगळं गाव म्हणतं, आणि खोटं म्हणत नाही. नदीच्या कोरड्या वाळूत पाण्यासाठी खड्डे खणायला बायका जातात, तेव्हा तिच्या शेजारचा खड्डा कुणी घेत नाही. एखाद्या नव्या सुनेनं चुकून घेतलाच, तर "सासूनं काम शिकवून पाठवलंय, की नुसती कानातली घालून?" असं काहीतरी ऐकून ती घरी जाते. पण हीच बाई लहानपणी दिवसभर गुणगुणत असायची. इतकी, की तिचा बाप किम्वेले तिला 'माझी माशी' म्हणायचा. हे सांगणारी माणसं आता दोन-तीनच उरली आहेत.

किम्वेले मधाचा माणूस होता. म्विंगीच्या कोरड्या मुलखात पाऊस कधी येतो, कधी तोंड दाखवून परत जातो. पीक जाईल, शेळ्या जातील, पण ज्याचे ओंडके झाडाला टांगलेले आहेत त्याच्याकडे काहीतरी गोड उरतंच. मुकाऊच्या झाडाचा जाड ओंडका आणायचा, आरपार पोखरायचा, दोन्ही तोंडांना लाकडी झाकणं बसवायची, वर आपली खूण कोरायची आणि आकड्यानं उंच फांदीला अडकवायचा. मग माश्या आपणहून येतात. किम्वेलेचे बहुतेक ओंडके ओढ्याकाठच्या एका जुन्या चिंचेवर होते. रणरणत्या उन्हात सगळं रान काड्यांसारखं उघडं पडतं, तेव्हाही ती चिंच हिरवीच असायची.

नवा ओंडका पोखरून झाला की काही दिवस अंगणात वाळत पडायचा. स्योकाऊ त्याच्यावर बसायची, दुपारी बूड भाजलं की ओरडत उठायची. एकदा तिनं आत हात घातला. बाहेरून चटका देणारा ओंडका आतून गार होता. संध्याकाळी अंगण निवलं, वारा सुटला, तेव्हा परत हात घातला, तर आत ऊब.

"बाबा, हे उलटंच आहे."

"लाकूड आळशी असतं गं," किम्वेले तासणी बाजूला ठेवत म्हणाला. "सकाळचं ऊन त्याला संध्याकाळी कळतं. आणि कळलं की रात्रभर हळूहळू सांगत बसतं. जितकं जाड तितकं आळशी. माशीला असंच घर लागतं. घाईच्या लाकडात ती टिकत नाही."

हे सगळं तो स्योकाऊला सांगायचा, कारण ती विचारायची. पण ओंडका एकदा झाडावर चढला की तिचा संबंध संपला. मुलींनी ओंडक्याच्या झाडाखालीसुद्धा जायचं नाही, असा रिवाज. वर चढायचं ते धाकट्या भावानं, मुल्युंगीनं.

आणि मुल्युंगीला उंचीची भीती वाटायची.

पहिल्यांदा बापानं त्याला चिंचेवर पाठवलं, तेव्हा तो मधल्या फांदीपर्यंत गेला आणि खोडाला मिठी मारून बसला. खालून बाप धुराची चूड नाचवत ओरडतोय, वरून माश्या चावताहेत, आणि पोराचा हात काही सुटेना. शेवटी भीतीनं तो तिथेच मुतला. ओल खोडावरून ओघळत खाली आली. लांब वाटेवर उभी असलेली स्योकाऊ पोट धरून हसली. नुसती हसली असती तर एकवेळ चाललं असतं. तिनं ते पाण्यावर जाऊन मैत्रिणींना सांगितलं. मग कितीतरी वर्षं गावातली पोरं त्याला 'ओला मुल्युंगी' म्हणत होती. पुढे तो शिकला, दर हंगामाला चढायला लागला, बापापेक्षा जास्त मध काढायला लागला. पण चढण्याआधी तो कुणाशी बोलत नसे, आणि उतरल्यावर त्याचे पाय बराच वेळ थरथरत, हे त्याच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

स्योकाऊचं लग्न झालं. नवरा किथेका मोंबासाला बंदरावर कामाला गेला, आधी सणाला यायचा, मग दुसरीच कुणी बाई त्याच्याकडे राहते असं कळलं, मग तेही कळायचं बंद झालं. सासरी दिवस काढवेनात. एकुलत्या मुलीचं लग्न लांब करून देऊन ती माहेरी परत आली. तोवर किम्वेले गेला होता. जमीन, चिंच, ओंडके, सगळं मुल्युंगीचं. त्यानं तिला बांधाच्या कडेला खोपट घालू दिलं. वागायला तो वाईट नव्हता. 'ताई' म्हणायचा. त्याची बायको कालेक्ये मका-घेवडा शिजवला की वाडगाभर पाठवून द्यायची. पण ते वाडगं घेताना स्योकाऊला दर वेळी वाटायचं, हे आपल्याच बापाच्या घरातलं आपण आश्रितासारखं खातोय.

अशात गावात मधपेट्या आल्या.

शहरातल्या कुठल्याशा संस्थेचा एक तरुण मोटरसायकलवरून आला. बायकांचा गट करा म्हणाला, पेट्या फुकट देतो म्हणाला. जमिनीवर चार पायांच्या लाकडी घोडीवर ठेवायच्या, झाडावर चढायचं नाही, झाकण उघडलं की कमरेच्या उंचीवर मध. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. स्योकाऊ मात्र उठून उभी राहिली.

"म्हणजे बाईनं काढला तरी चालेल?"

"बाईनंच काढायचा," तो म्हणाला. "फक्त पेट्या सावलीत ठेवा. दुपारचं ऊन लागू देऊ नका."

"कुणाच्या सावलीत?" मुथेऊनं विचारलं. ही स्योकाऊच्या शेजारची तरुण बाई, तोंडाची फटकळ.

त्याला वाटलं थट्टा चाललीय. तो हसला आणि मोटरसायकलला किक मारून गेला. पण मुथेऊचा प्रश्न खरा होता. आमच्या भागात जमीन कुणाचीही असो, ज्या झाडावर ज्याच्या आजानं पहिला ओंडका टांगला ते झाड त्याचं. त्याच्या सावलीत दुसऱ्यानं माशीचं घर मांडायचं नाही. आणि उन्हाळ्यात सावली टिकवून धरणारं एकूण एक झाड कुठल्या ना कुठल्या पुरुषाचं होतं. बाकीचं रान म्हणजे काटे आणि काड्या. त्याच्या सावलीत सरडासुद्धा बसत नाही.

पेट्या आल्या त्या दहा. स्योकाऊनं पहिलीवर बोटाच्या सांध्यानं ठोकून पाहिलं. टकटक असा पोकळ, उथळ आवाज आला. खोक्याच्या फळ्या होत्या त्या, पातळ. तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण इतकी वर्षं वाट पाहिलेली वस्तू दारात आल्यावर 'ही नको' कोण म्हणतं? तिनं स्वतःची समजूत घातली, की संस्थेच्या लोकांनी विचार केला असेल.

फळ्यांना वाळवी लागू नये म्हणून गाडीचं जळकं तेल फासायचं ठरलं. रस्त्यावरच्या गॅरेजमधून ते काळं तेल स्योकाऊनंच डोक्यावरून आणलं. एक हात फासून झाल्यावर बाकीच्या बायका हात धुवायला लागल्या, तर ही म्हणाली, अजून एक हात.

"काकू, किती काळं करायचं?" मुथेऊ म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या तोंडासारखं दिसायला लागलं."

"बरंय की. वाळवीसुद्धा लांब राहील."

सगळ्या हसल्या. दहा पेट्या उन्हात काळ्याभोर चकाकत होत्या. स्योकाऊला त्या फार सुंदर वाटल्या.

संध्याकाळी ती मुल्युंगीकडे गेली. तो अंगणात स्टुलावर बसून दोरी वळत होता.

"मुल्युंगी, चिंचेखाली पेट्या मांडू का रे? खालच्या अंगाला, ओढ्याकडे. तुझ्या ओंडक्यांना अडचण नाही होणार."

"ताई, बायकांचा वावर लागला की माश्या झाड सोडतात. बाबांनी शिकवलंय."

"बाबांनी मलाही शिकवलंय."

"हो," तो दोरीकडेच बघत म्हणाला. "तुला शिकवलं. झाड मला दिलं."

आतून कालेक्येनं डोकं बाहेर काढलं, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि परत आत नेलं.

मग पेट्या रस्त्याकडेच्या उघड्या माळावर मांडल्या गेल्या. घोड्यांचे पाय मुंग्यांसाठी तेलाच्या डब्यांत उभे केले. पुरुष येता-जाता विचारायचे, "काय गं बायांनो, कोंबड्या कधी आणताय या खुराड्यांत?" पण पाऊस चांगला झाला. रान फुललं, आणि एकामागून एक दहाही पेट्यांत माश्या आल्या. आभाळ ढगाळ, जमीन ओली, फळ्या गारच राहायच्या. स्योकाऊ रोज जायची. पेटीला कान लावून उभी राहायची.

पहिली पेटी उघडली त्या दिवशी सगळ्या बायका लांब उभ्या होत्या, तोंडावर फडकी बांधून. स्योकाऊनं धूर केला, झाकण उचललं. समोर, हाताच्या अंतरावर, पांढऱ्या मेणानं मिटलेलं पोळं. आयुष्यभर जे उंच फांदीवर होतं ते तिच्या पोटाशी आलं होतं. तिनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"काकू," मुथेऊ लांबून ओरडली, "तुम्ही गाताय की काय?"

ती गुणगुणत होती. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

त्या हंगामात गावात बायकांच्या मधाचीच चर्चा. पेट्यांना खुराडी म्हणणारे पुरुष भांडी घेऊन आले. आणि त्याच हंगामात मुल्युंगीचे दोन ओंडके रिकामे राहिले. आधीही कधीकधी राहायचे, पण या वेळी कारण डोळ्यांसमोर होतं.

"तुम्ही माझ्या माश्या पळवल्यात," तो भर बाजारात बहिणीला म्हणाला.

"माशीच्या कानात मी काही सांगितलं नाही रे बाबा. तिला जिथे बरं वाटलं तिथे ती गेली."

"चढावं लागत नाही ना, म्हणून जीभ चालतेय."

ती हसली. लोकही हसले. ते हसू ऐकून मुल्युंगीचा चेहरा कसा झाला, हे कालेक्येनं पाहिलं. स्योकाऊनं पाहिलं नाही.

मग ऊन आलं.

त्या वर्षीचा उन्हाळा असा, की सकाळी शेळ्या सोडायच्या वेळीच जमीन तापलेली. माळावर काळ्या पेट्या आणि मध्ये एक काडीचाही आडोसा नाही. दिवस अर्धा वर यायच्या आत फळीवर हात टेकवेना. पातळ काळी फळी ऊन नुसती पीत सुटली होती आणि प्यालेलं जसंच्या तसं आत ओतत होती. माश्या आत राहीनात. पेटीच्या तोंडाशी दाढीसारख्या लोंबू लागल्या, हजारो पंख नुसते वारा घालताहेत. स्योकाऊनं पोती भिजवून पेट्यांवर टाकली. नदीच्या खड्ड्यातून दुसरा डबा भरून आणेपर्यंत पहिलं पोतं वाळून कडक झालेलं असे. चार दिवस बायकांनी साथ दिली.

"काकू, घरात पोरांना प्यायला नाही," मग एकेक जण म्हणू लागली. आणि त्यांचं चुकत नव्हतं. गवताचं छप्पर घालावं तर गवत नव्हतं. जे होतं ते शेळ्यांच्या पोटात गेलेलं.

एका दुपारी ती गेली तर पहिल्या पेटीच्या तळातून मध गळत होता. आत मेण मऊ पडून भरलेली पोळी एकमेकांवर कोसळली होती. माश्या आपल्याच मधात बुडून मेल्या होत्या. ज्या वाचल्या त्यांनी एक घोस करून आभाळ गाठलं. मातीत सांडलेल्या मधावर मुंग्या लागल्या होत्या. स्योकाऊ तिथेच उकिडवी बसली. काळं तेल तिनंच आणलं होतं. दुसरा हात तिनंच द्यायला लावला होता. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून तिनं स्वतःच स्वतःला वाट्टेल ते बोलून घेतलं.

आठवड्याभरात सहा पेट्या गेल्या. चार उरल्या.

मुल्युंगी त्या सुमाराला कालेक्येच्या माहेरी कुणाच्या तरी मातीला गेला होता, चार दिवस येणार नव्हता. स्योकाऊनं मुथेऊला गाठलं.

"दिवेलागणीला माश्या आत गेल्या की पेट्या चिंचेखाली न्यायच्या."

"भाऊ मारेल तुम्हाला."

"मारू दे. मारलं तर मी मरेन, माश्या तर वाचतील."

दोघींनी दांड्याला दोरीनं एकेक पेटी लटकवून नेली. पेट्यांची तोंडं चिंध्यांनी बंद, आत कोंडलेल्या माश्या घुमताहेत. चार खेपा झाल्या. काही माश्या दुसऱ्या दिवशी माळावरच्या जुन्या जागी जाऊन घिरट्या घालत राहिल्या आणि तिथेच मेल्या. पण बाकीच्या रमल्या. चिंचेखाली त्याच काळ्या फळ्या भर दुपारीही हाताला सोसवत होत्या. स्योकाऊ बुंध्याशी बसली. उभ्या जन्मात ती त्या झाडाखाली पहिल्यांदा बसत होती. वर बापाचे ओंडके लटकत होते, खाली तिच्या पेट्या. तिला वाटलं, भाऊ येईल, बघेल की काहीच बिघडलं नाही, आणि गप्प बसेल. असं तिला खरोखर वाटलं.

मुल्युंगी आला तो सकाळी. स्योकाऊ नदीवर होती. पाणी इतकं खोल गेलं होतं की अर्धा दिवस खणण्यातच जायचा. ती उन्हं कलायच्या थोडं आधी चिंचेकडे आली, तर बुंध्याशी काही नव्हतं. मातीत नुसत्या लाकडी घोड्यांच्या पायांच्या खुणा.

पेट्या ओढ्यापलीकडच्या लाल मातीच्या उघड्या उंचवट्यावर होत्या. ओळीनं मांडलेल्या. माश्यांनी चावू नये म्हणून मुल्युंगीनं पेट्यांची तोंडं चिखलानं लिंपून घेतली होती. तो मधाचा माणूस होता, काम नीट करायचा. चिखल वाळून दगड झाला होता.

तिनं फळीवर हात ठेवला आणि कातडी भाजली तरी काढला नाही. आतून आवाज येत नव्हता. सांध्यांतून मध झिरपून फळीवरच करपत होता. तिनं नखांनी चिखल उकरला, झाकण उचललं. वाफ आल्यासारखी मेणाची गरम हवा तोंडावर आली. आत काळा, चिकट, न हलणारा लगदा होता. चारही पेट्यांत तेच.

ती तशीच भावाच्या अंगणात गेली. हाताला मध, मेलेल्या माश्या चिकटलेल्या.

"तोंडं का बंद केलीस?" तिनं विचारलं. आवाज चढलाही नाही. "बाहेर काढायच्या होत्या, काढायच्या. तोंडं का बंद केलीस रे? उडून तरी गेल्या असत्या."

मुल्युंगी स्टुलावरून उठला नाही. "चावल्या असत्या मला."

"तुला चावल्या असत्या!"

"हो, मला!" तो एकदम ओरडला. "तुला काय माहीत चावणं म्हणजे काय? त्या फांदीवर जाऊन बस एकदा. खाली बघ. मग दोन्ही हात सोड आणि मध काढ. दर हंगामाला मी मरून खाली येतो, दर हंगामाला! आणि तू? जमिनीवर उभी राहून, कमरेवर हात ठेवून मध काढणार, आणि वर मला हसणार? तेव्हाही खालीच उभी राहून हसलीस."

स्योकाऊला काही क्षण उमगलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. उमगलं तेव्हा तिला आणखीच राग आला.

"मी आठ वर्षांची होते, मुल्युंगी."

"मी सहा," तो म्हणाला.

दारात उभी असलेली कालेक्ये रडत होती. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आमच्याकडे दुसऱ्याचं माशीचं घर मारणं हा मोठा गुन्हा. चोरीपेक्षा मोठा. पूर्वी अशा माणसाला गावाबाहेर काढत. म्हणून स्योकाऊनं पंचांकडे दाद मागितली. सगळे म्हातारे मालुकीच्या अंगणात बसले. मालुकी सगळ्यांत वडील, किम्वेलेचा जुना सोबती. मुल्युंगीनं काही लपवलं नाही. पेट्या न विचारता माझ्या झाडाखाली आणल्या, मी बाहेर काढल्या, तोंडं लिंपली, म्हणाला.

म्हातारे बराच वेळ आपापसांत कुजबुजले. मग मालुकी म्हणाला, "पोरी, तुझा बाप माझा मित्र होता. तुझं नुकसान झालं, कबूल. पण रिवाज बोलतो तो माशीच्या घराबद्दल. माशीचं घर म्हणजे झाडावर टांगलेला ओंडका, त्यावर मालकाची खूण. जमिनीवरच्या खोक्याला आपल्यात माशीचं घर म्हणत नाहीत."

"आत माश्या होत्या, आजोबा. मध होता."

"मडक्यातही मध असतो. मडक्याला कुणी घर म्हणत नाही."

"मग माझं काय मेलं?"

उलट, दुसऱ्याच्या झाडाखाली शिरल्याबद्दल तिनं भावाची माफी मागावी असं ठरलं. तिनं मागितली. मालुकीकडे बघून, एका वाक्यात, जसं कुणी चूळ टाकतं तशी. त्या दिवसापासून कालेक्येचं वाडगं ती घेईनाशी झाली. वाडगं दाराशी तसंच राही, कोंबड्या खात. मग यायचं बंद झालं.

गट मोडला. ज्या त्या बाईनं फळ्या नेल्या. कुणी कोंबड्यांना खुराडं केलं, कुणी दाराला ठिगळ. स्योकाऊ रस्त्याच्या कामाला खडी फोडायला जाऊ लागली.

पुढची दोन वर्षं पाऊस झालाच नाही. मुल्युंगीचा मुलगा आजारी पडला, शहराच्या दवाखान्यात न्यावा लागला, आणि त्यानं चिंच कोळसेवाल्यांना दिली. ती पडायला तीन दिवस लागले. ओंडके आधी खाली उतरवले होते. गावातल्या बाकी झाडांचंही तेच झालं होतं, त्यामुळे टांगायला जागाच उरली नव्हती. पोरगं वाचलं, एवढं खरं.

एके दुपारी मुल्युंगी खडीच्या ढिगाशी येऊन उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी 'ताई' म्हणाला.

"ताई, त्या घोड्या अजून आहेत ना तुझ्याकडे? खोपटामागे? माझे ओंडके उघड्यावर पडलेत. वाळवी लागतेय. घोडीवर ठेवले तर निदान... जाड आहेत, उन्हातही तगतील."

स्योकाऊनं हातोडा खाली ठेवला नाही.

"जमिनीवर ठेवलेल्याला माशीचं घर म्हणत नाहीत," ती म्हणाली. "पंचांना विचार."

तो मग गेला. त्याच्या चालण्यात म्हातारपण आलं होतं हे तिला मागून दिसलं. तिला वाटलं होतं, हे वाक्य कधीतरी बोलायला मिळालं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. घोड्या तिच्या खोपटामागेच सडल्या, आणि ओंडके भावाच्या अंगणात उन्हानं तडकले. एक पोतं आणि थोडं शेण एवढ्यानं भेगा बुजल्या असत्या. तिला माहीत होतं, त्यालाही. रोज ती त्यांच्या शेजारून पाण्याला जायची. एका हिवाळ्यात कालेक्येनं ते फोडून चुलीत घातले.

पंधराएक वर्षांनी, गेल्या वर्षी, मोटरसायकलवरून परत कुणी आलं. दुसरा माणूस, दुसरी संस्था. या वेळी पेट्या जाड फळ्यांच्या, बाहेरून पांढऱ्या रंगवलेल्या, आणि त्यांच्यावर चार खांबांचं गवती छप्पर बांधायला सामानही दिलं. चढायची झाडं गेल्यापासून रिवाजाची आठवण कुणी काढत नाही. मालुकीही गेला. गटाची प्रमुख मुथेऊ आहे. तिनं पहिल्यांदा स्योकाऊचंच दार ठोठावलं होतं.

"काकू, तुमच्याशिवाय कसं होणार? तुम्ही नुसतं उभं राहून सांगा."

"मी खडी फोडते. मला माश्यांतलं काही कळत नाही."

"असं काय करता?"

"मग काय करू? तुझ्या नवऱ्याला विचार, तो करतो का काही."

मुथेऊ परत आली नाही. पेट्यांत माश्या आल्या. उन्हाळा गेला तरी राहिल्या. नव्या सुना, ज्यांना काळ्या पेट्यांची गोष्टसुद्धा माहीत नाही, आता झाकण उघडून हसत हसत मध काढतात.

एकदा भर दुपारी कामावरून येताना स्योकाऊ छपरापाशी थांबली. कुणी नव्हतं. तिनं वाकून एका पेटीच्या पांढऱ्या फळीवर तळवा टेकवला. फळी गार होती. आतली घूं घूं हाताला लागत होती. तिनं भाजल्यासारखा हात मागे घेतला.

तेवढ्यात मागून मुथेऊची सून आली, हातात रिकामं भांडं घेऊन. "आजी, थांबा ना, आज मध काढतोय आम्ही. थोडा घेऊन जा."

"मला गोड चालत नाही," स्योकाऊ म्हणाली. "आणि भांडं धूऊन आणत जा. काठावर कालचं पीठ दिसतंय."

पोरगी ओशाळून भांड्याकडे बघत राहिली. स्योकाऊनं हातोडा खांद्यावर टाकला आणि पाण्याचा डबा घ्यायला घराकडे वळली. उशीर झाला होता, आणि नदीत खड्डा दिवसेंदिवस जास्त खोल खणावा लागत होता.